वेणी, फणी आणि वस्तरा

राजांच्या वंशावळी आणि लढायांच्या तिथी यांवर आमच्या इतिहासलेखकांनीं जितका घाम गाळला आहे, त्याच्या शतांश श्रमही माणसें डोक्यास काय लावीत, केस कशानें धूत आणि ते कसे बांधीत या प्रश्नांवर खर्ची पडलेले नाहींत. विषय क्षुद्र वाटतो, हें त्याचें कारण उघड आहे. पण जी गोष्ट घरोघर आठवड्यामागून आठवडे आणि पिढ्यांमागून पिढ्या चालत आली, ती क्षुद्र कशी म्हणावी हें आम्हांस समजत नाहीं. तेलाचा व्यापार, गांवगाड्यांतील न्हाव्याचें स्थान, वैद्यकाचें ज्ञान, आगगाडीनें आणलेले नवे जिन्नस आणि स्त्रीच्या वांट्यास आलेला मान किंवा अपमान, हे सारे धागे केसांच्या एका पेडांत गुंफलेले सांपडतात. त्यांतला कोणता धागा रेशमाचा आणि कोणता काथ्याचा, हें पाहण्याचा येथें विचार आहे.

या लेखापुरता आम्हीं खानदेश निवडला आहे. तापी, गिरणा आणि पांझरा यांच्या खोऱ्यांतील हा मुलूख १९०६ सालीं पूर्व व पश्चिम अशा दोन जिल्ह्यांत विभागला गेला. पूर्वेचें ठाणें जळगांव आणि पश्चिमेचें धुळें. (पुढें १९९८ सालीं धुळ्यांतून नंदुरबार वेगळा झाला.) धुळ्यास इतिहासाची उपेक्षा झाली असें कोणी म्हणूं शकणार नाहीं. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं ३१ डिसेंबर १९२६ रोजीं तेथेंच देह ठेवला आणि पुढल्याच वर्षीं त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ त्या गांवीं उभें राहिलें. परंतु सनदा, महजर आणि निवाडे लिहिणारे हात पुरुषांचे; त्यांस न्हाणीघरांत डोकावण्याचें प्रयोजन नव्हतें. आमच्या विषयाचा पुरावा दप्तरांपेक्षां भिंतींवर, बाजारांत आणि आजीबाईंच्या हातांत अधिक आहे.

भिंतींवरचा पुरावा म्हणजे अर्थातच अजिंठा. हीं लेणीं आजच्या जिल्हाविभागणीप्रमाणें खानदेशांत येत नाहींत, पण तीं खानदेशच्या अगदीं उंबरठ्यावर आहेत आणि आगगाडीनें येणारा प्रवासी आजही जळगांवासच उतरून तिकडे वळतो. १८१९ सालीं जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस तीं पडलीं. १८४४ पासून मेजर रॉबर्ट गिल यानें वर्षानुवर्षें तेथें राहून चित्रांच्या नकला केल्या, त्यांतील बहुतेक १८६६ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगींत जळून गेल्या, आणि तो स्वतः १८७९ सालीं भुसावळास मरण पावला. त्याची कबर तेथेंच आहे. ज्यानें अजिंठ्याच्या रमणींचे कुंतल आयुष्यभर रेखाटले तो खानदेशच्या मातींत निजला आहे, ही गोष्ट आम्हांस या लेखाच्या निमित्तानें सांगाविशी वाटली.

पांचव्या शतकांतील वाकाटककालीन लेण्यांतील चित्रें पाहणारास पहिली गोष्ट जाणवते ती ही कीं, त्या काळीं केसांचें कौतुक एकट्या स्त्रीचें नव्हतें. राजपुत्रांचे केस लांब, खांद्यावर रुळणारे. दासदासींचे कुरळे, कपाळावर बटा सोडलेले. कोठें मानेवर सैल अंबाडा, कोठें माथ्यावर बांधलेला जुडा, त्यांत फुलें आणि मोत्यांचे सर. सतराव्या लेण्यांतील आरशांत पाहणाऱ्या राजस्त्रीचें प्रसाधनचित्र तर प्रसिद्धच आहे. मात्र त्या चित्रांत एकट्या राणीकडे पाहून चालणार नाहीं. तिच्याभोंवतीं परिचारिका उभ्या आहेत. त्या केशरचनेस किती हात आणि किती वेळ लागत असेल याचा हिशेब केला म्हणजे कळतें कीं, सुंदर केस ही जितकी निसर्गाची देणगी तितकीच ती फुरसतीची आणि पदरीं असलेल्या माणसांची खूण होती. ज्या मजुरांनीं तें लेणें खोदलें त्यांच्या बायका केस कशा बांधीत होत्या, हें चित्रकारानें आम्हांस सांगितलेलें नाहीं.

वैद्यकग्रंथ मात्र अधिक उदार आहेत. त्यांचा उपदेश राणीपुरता नाहीं. चरकाच्या सूत्रस्थानांत नित्य डोक्यास तेल लावणाराचे केस गळत नाहींत, अकालीं पिकत नाहींत आणि त्याचें मस्तक दुखत नाहीं, असें सांगितलें आहे. सुश्रुतानें तर फणीचाही गुण वर्णिला आहे: ती धूळ, मळ आणि उवा काढून टाकते. हजारो वर्षांपूर्वींच्या वैद्यानें उवांची गोष्ट लपविली नाहीं, याबद्दल आम्हांस त्याचा मोठा आदर वाटतो. अलीकडच्या तेलांच्या जाहिरातींत लांबसडक केस असतात, पण उवांचें नांव नसतें.

या उपदेशाची आजच्या ज्ञानाच्या उजेडांत परीक्षा करणें इष्ट आहे. केसाचें मूळ तेवढें जिवंत असतें. बाहेर दिसतो तो तंतु केराटिन नांवाच्या द्रव्याचा, निर्जीव. तो महिन्यास सुमारें एक सेंटिमीटर वाढतो आणि निरोगी माणसाचेही दिवसास पन्नास ते शंभर केस सहज गळतात. तेव्हां तेलानें केस उगवतात ही समजूत टिकत नाहीं. पण तेलानें केस राखले जातात, ही गोष्ट खरी ठरली आहे. २००३ सालीं मुंबईच्या दोन संशोधकांनीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असें आढळलें कीं, धुण्यापूर्वीं खोबरेल लावल्यास केसांतून धुवून जाणारें प्रथिन बरेंच कमी होतें. सूर्यफुलाच्या किंवा खनिज तेलानें तसें होत नाहीं. खोबरेलांतील मुख्य स्निग्धाम्ल केसाच्या आंत शिरतें, हें त्याचें कारण. इतर तेलें बाहेरून गुळगुळीतपणा देतात, केसावर केस घासूं देत नाहींत, विंचरतांना तुटूं देत नाहींत. ही सेवाही लहान नव्हे. चरकानें कारण वेगळें सांगितलें, पण कृति चुकीची सांगितली नाहीं.

आतां खानदेशाकडे वळूं. येथें नारळ होत नाहीं. येथला उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या पलीकडे जातो, वारा कोरडा आणि धुळीचा. विहिरी काळ्या खडकांतल्या, त्यांचें पाणी बहुधा जड. अशा मुलखांत केस राखणें हें कोंकणांतल्यासारखें सोपें काम नव्हे. तरी या मुलखापाशीं एक मोठें धन होतें, तें तीळ. तिळाचें तेल काढणारी तेल्याची घाणी, डोळे बांधून तिच्याभोंवतीं फिरणारा बैल आणि घाणीखालीं मडकें धरून उभी असलेली गिऱ्हाइकें, हें चित्र खानदेशच्या खेड्यांत फार दिवस टिकलें. करडईचें तेल खाण्यास, तिळाचें खाण्यास आणि डोक्यासही. सातपुड्यांत भिल्ल आणि पावरा लोकांच्या घरीं मोहाच्या बियांचें तेल हेंच खाण्याचें आणि हेंच डोक्याचें. त्याची पेंडही फुकट जात नसे. तिच्यांत फेस आणणारें द्रव्य असल्यामुळें तिनें केस धूत. तीच पेंड ओढ्याच्या डोहांत टाकून मासे गुंगवीत. एका बीमधून स्वयंपाक, केशधावन आणि मासेमारी असे तीन उपयोग काढणारास अडाणी म्हणण्याची आमची तरी छाती नाहीं.

जळगांव–धुळ्याच्या मध्यमवर्गीय घरांतलें न्हाणें म्हणजे एक लहानसें कार्य असे. आदल्या रात्रीं शिकेकाईच्या शेंगा, फोडून बिया काढलेले रिठे आणि आवळकाठी हीं पाण्यांत भिजत पडत. कोणी त्यांत नागरमोथा आणि कचोरा सुवासासाठीं घालीत. त्याच रात्रीं किंवा पहाटे तेल कोमट करून तें बोटांच्या पेरांनीं, नखांनीं नव्हे, डोक्याच्या कातडीस चोळावयाचें. लांब केसांचा गुंता काढतांना टोंकाकडून आरंभ करून वर जावयाचें. मुळाकडून ओढलें कीं केस तुटतो आणि मुलगी रडते, दोन्ही गोष्टी टळत. मग दांते विरळ असलेला लांकडी कंगवा आणि त्यानंतर दोन्ही बाजूंस बारीक दांते असलेली फणी. फणीचें काम सौंदर्याचें नव्हे, उवा-लिखांचें. आणि तें दुपारच्या उजेडांत, ओसरीवर, एकीच्या मागें एक अशा रांगेनें बसून चाले. पोरीबाळींच्या रांगेंत मागें बसणारीच्या तोंडून पुढल्या बाईस गांवची सारी खबर कळत असे, हा त्या व्यवस्थेचा एक आनुषंगिक लाभ.

सकाळीं भिजलेलें मिश्रण उकळून, कुसकरून, फडक्यांतून गाळून घेत. त्याचें पाणी डोळ्यांत गेल्यास काय होतें हें ज्यानें अनुभवलें आहे त्यास सांगणें नको. परंतु खानदेशच्या पाण्यांत या पाण्याचा एक गुण विशेष होता. जड पाण्यांत साबण लावला कीं त्यांतील चुन्याशीं मिळून चिकट साका होतो आणि तो केसांवर बसून केस राठ करतो. रिठे-शिकेकाईंतील फेनद्रव्याचा तसा साका होत नाहीं. शिकेकाईचें पाणी किंचित् आंबटही असल्यामुळें केसाचे खवले मिटून बसतात आणि केस चकाकतो. पहिल्या साबणाच्या वडीनें डोकें धुतलेल्या पुष्कळ स्त्रियांनीं ‘केसांची दोरी झाली’ अशी तक्रार केली ती लहरीनें नव्हे. शेतकरी घरीं शिकेकाई नेहमीं परवडत नसे. तेथें नदीकांठची चिकणमाती किंवा आंबट ताक वापरीत. माती तेल शोषून घेते, ताक मळ सोडवतें.

धुतल्यावर पंचानें केस झटकीत नसत, टिपीत असत. ओले केस बांधूं नयेत, असा वडीलधाऱ्यांचा कटाक्ष. बाळंतिणीच्या केसांस शेगडीवर ऊद टाकून धुरी देत. बहुतेक घरीं सुवासिनींच्या न्हाण्याचे वार मंगळवार व शुक्रवार ठरलेले. नरकचतुर्दशीचें अभ्यंग तर लहानथोर सर्वांचें. आणि खानदेशांत याहून गोड दिवस एक होता, तो आखाजीचा. अक्षय्यतृतीयेस सासुरवाशिणी माहेरीं येत, झाडांस झोके बांधले जात, गौराईचीं गाणीं होत. आणि वर्षभर सासरीं स्वतःचें डोकें स्वतः कसेंबसें विंचरणारी मुलगी आईपुढें पाट मांडून बसे. आईच्या बोटांस लेकीच्या सुखदुःखाची बातमी केसांवरूनच लागत असली पाहिजे. कारण अंगांत रक्त कमी झालें, मुदतीचा ताप येऊन गेला किंवा बाळंतपण झालें कीं दोनतीन महिन्यांनीं केस मुठीमुठीनें गळूं लागतात, हें आज वैद्य सांगतात आणि आया तें पूर्वींपासून पाहत आल्या आहेत. त्यास त्या ‘दृष्ट लागली’ म्हणत. नांव चुकलें तरी निरीक्षण चुकलें नव्हतें. उपाय म्हणून मीठमोहऱ्या ओंवाळीत त्यापेक्षां हातावर तिळगुळाचा लाडू अधिक वेळां ठेवीत त्या आया शहाण्या होत्या, एवढेंच.

केशरचनेविषयीं थोडें लिहून पुढें जाऊं. वेणी मुलींची, अंबाडा आणि खोपा बायकांचा. सणावारीं मूद, राखडी, केवड्याचें पान, गोंडे. डोक्यावर चुंबळ ठेवून पाण्याचा हंडा किंवा गवताचा भारा वाहणारीस खोपा मानेवर खालींच बांधावा लागे. तेथें शोभेचा नियम ओझ्यानें ठरवला जात असे. घट्ट ताणून बांधलेल्या केसांनीं आणि जड दागिन्यांनीं कपाळावरचे केस विरळ होतात, हा सुखवस्तु घरांतील बायकांचा रोग होता. ‘खोपा’ या शब्दाचा मात्र आम्हांस फार मोह आहे. तोच शब्द पक्ष्याच्या घरट्यास आणि तोच स्त्रीच्या केसांच्या बांधणीस. जळगांवजवळच्या असोद्यांत १८८० सालीं जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांनीं सुगरणीच्या खोप्यावर कविता रचली, ती आज शाळेंतल्या मुलासही ठाऊक आहे. काडीवर काडी गुंफणारी ती चिमणी आणि पेडावर पेड घालणारा हात, यांतलें साम्य ज्या भाषेनें एका शब्दांत साठविलें ती भाषा बायकांनींच घडविली असावी.

येथपर्यंत वाचून जुन्या काळाच्या घरगुती शहाणपणाचें कौतुक वाचकांच्या मनांत दाटलें असेल. आमच्याही मनांत तें आहे. पण याच घरांत, याच ओसरीवर, एक बाई माथ्यावरून पदर घट्ट ओढून कोपऱ्यांत बसलेली असे, तिच्याकडे पाहिल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाहीं.

न्हावी हा गांवगाड्यांतला बलुतेदार. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालच्या आपल्या ‘गांवगाडा’ ग्रंथांत बलुत्याची जी व्यवस्था वर्णिली आहे, तींत वर्षाच्या धान्याच्या मोबदल्यांत गांवच्या डोक्यादाढ्या त्याच्याकडे असत. बाळाचें जावळ तो काढी, पुरुषांची शेंडी राखून भोंवतालची हजामत तो करी, अंग रगडी, लग्नांत मानानें मिरवे. आणि ब्राह्मणाच्या व त्यांची चाल उचलणाऱ्या कांहीं जातींच्या घरांत नवरा मेला कीं त्याच्याच वस्तऱ्यानें बायकोचें डोकें भादरलें जाई. एकदांच नव्हे, तर पुढें जन्मभर, केस वाढूं लागले कीं पुन्हां पुन्हां. आदल्या शुक्रवारीं जिचे केस आईनें शिकेकाईनें धुतले, ती कित्येकदां दहाबारा वर्षांची पोर असे. खानदेशच्या शेतकरी जातींत आणि सातपुड्यांतील वन्य जमातींत ही चाल नव्हती; विधवेचें कपाळ पांढरें होई, पण केस तिचे तिच्यापाशीं राहत. ज्यांस आपण मागासलेले म्हणत आलों त्यांनीं या बाबतींत शास्त्री-पंडितांहून अधिक माणुसकी राखली, हें स्पष्ट लिहिणें आम्ही आमचें कर्तव्य समजतों.

या चालीविरुद्धचा एक अत्यंत तीव्र आवाज खानदेशच्या अगदीं शेजारून उठला. तापीच्या मुखाशीं सुरत. तेथें १८८१ सालीं विजयालक्ष्मी नांवाच्या तरुण ब्राह्मण विधवेस भ्रूणहत्येबद्दल फांशीची शिक्षा झाली, ती पुढें कमी करण्यांत आली. त्या खटल्यावरून वर्तमानपत्रांनीं सरसकट स्त्रीजातीवर तोंडसुख घेतलें, तेव्हां खानदेशच्या दुसऱ्या अंगास, वऱ्हाडांतल्या बुलढाण्यांत राहणाऱ्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून उत्तर दिलें. बायको मेली तर नवरा आपल्या मिशा कां उतरवीत नाहीं, अशा धाटणीचा त्यांचा रोखठोक सवाल. ताराबाई ब्राह्मण नव्हत्या, त्यांच्या स्वतःच्या केसांवर वस्तरा येणार नव्हता, तरी दुसरीच्या केसांसाठीं त्यांनीं लेखणी उचलली.

१८९० सालीं मुंबईंत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्यास वस्तरा लावावयाचा नाहीं असा निर्धार तींत झाला. आमच्या मतें हा प्रसंग आमच्या समाजसुधारणेच्या इतिहासांतील अत्यंत थोर प्रसंगांपैकीं एक आहे. सुधारकांनीं ग्रंथ लिहिले, व्याख्यानें दिलीं, शास्त्रार्थ केले. पण ज्याच्या हातांत हत्यार होतें त्यानें तें खालीं ठेवलें. त्याच सुमारास हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी ‘करमणुकी’ंतून येत होती आणि यमूच्या केशवपनानें मध्यमवर्गीय घरांतून डोळ्यांस पदर लागत होते. पुढें अण्णासाहेब कर्वे यांनीं १८९६ सालीं पुण्यांत अनाथ बालिकाश्रम काढला. त्या संस्थेसाठीं गांवोगांव फिरून वर्गणी जमविणाऱ्या पार्वतीबाई आठवले यांनीं कित्येक वर्षें स्वतः केशवपन चालूं ठेवलें होतें. मग विचारपूर्वक तें सोडून केस वाढविले आणि १९२८ सालीं आपल्या आत्मचरित्रांत तें सारें लिहून ठेवलें. उतारवयांत केस वाढविणाऱ्या बाईस पहिली वेणी घालतांना काय वाटलें असेल, याची कल्पना करूं जातां लेखणी थबकते.

आणखी एक गोष्ट. ओसरीवर मुलींच्या डोक्यांस तेल चोळणारी, त्यांचा गुंता हळुवार सोडवणारी, शिकेकाईचें प्रमाण चुकूं न देणारी बाई पुष्कळ घरांत हीच विधवा आत्या किंवा काकू असे. ज्या घरगुती केशविद्येचें आज इतकें कौतुक होतें, तिचे जतन करणारे हात बरेचदां ज्यांचे स्वतःचे केस हिरावले गेले होते अशांचे होते.

आगगाडीनें हें सारें जग हळूहळू बदललें. मुंबईचा लोहमार्ग १८६० नंतरच्या दशकांत खानदेश ओलांडून भुसावळाकडे गेला आणि १९०० सालीं चाळीसगांवापासून धुळ्यास फांटा आला. त्याबरोबर खोबरेलाचे डबे आले, आणि मासिकांच्या पानांवरून सुवासिक तेलेंही आलीं: कलकत्त्याचें जबाकुसुम, मुंबईचें कामिनिया. लांब केसांची सुंदरी, पायाशीं बाटली आणि खालीं ‘मेंदू थंड राहतो’ अशी ग्वाही. कलकत्त्याच्या एका कुंतलीन नांवाच्या तेलाच्या मालकांनीं तर कथांची बक्षिसें लावलीं. १८९६ सालचें पहिलें बक्षीस ज्या गोष्टीस मिळालें तींत समुद्रावरचें वादळ केशतेलाच्या एका बाटलीनें शांत होतें, आणि ती गोष्ट लिहिणारा होता जगदीशचंद्र बसु! शास्त्रज्ञानें थट्टा केली, तेलवाल्यानें ती जाहिरात म्हणून छापली, दोघेही खूष.

पुरुषांच्या डोक्यांचाही कायापालट याच काळांत झाला. घेरा गेला, शेंडी आंखडली, ‘इंग्रजी केस’ आणि भांग आले. अमळनेरच्या शाळेंत शिकविणाऱ्या साने गुरुजींनीं ‘श्यामच्या आई’ंत केस वाढवून घरीं आलेल्या मुलाची आणि त्यावरून झालेल्या बापाच्या संतापाची गोष्ट सांगितली आहे. त्या काळच्या कित्येक घरांत हेंच भांडण चाललें होतें. त्याच सुमारास, डिसेंबर १९३६ मध्यें, फैजपुरास काँग्रेस भरली. तिचें मंडपनगर बांबूंनीं सजविणारे नंदलाल बोस हे १९०९–१० सालीं अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यास आलेले तेच चित्रकार. विषय सोडून ही गोष्ट लिहिली खरी, पण खानदेशानें त्यांस दोनदां बोलावलें, याचा आम्हांस आनंद वाटतो.

तेलाच्या इतिहासांत खानदेशची खरी नोंद अमळनेरची आहे. विसाव्या शतकांत येथें भुईमूग पसरला. घाणीची जागा गिरणीनें घेतली. आणि २९ डिसेंबर १९४५ रोजीं महंमद हुसेन हाशम प्रेमजी यांनीं अमळनेरास वनस्पति तूप करणारी कंपनी स्थापिली. जोडीस धुण्याचा साबण. तीच कंपनी आज ‘विप्रो’ या नांवानें संगणकाच्या व्यवसायांत जगभर ओळखली जाते. मध्यंतरीं तिनें शिकेकाईचा साबणही काढला होता, म्हणजे आजीचें पाणी वडीच्या रूपानें परत आलें. पुढें १९८० नंतरच्या दशकांत दक्षिणेंतील उद्योजकांनीं शांपू लहान पुड्यांत भरून विकण्याची युक्ति काढली आणि ती पुडी खेड्यांतल्या किराणा दुकानाच्या दोरीवर लटकूं लागली. शांपू हा शब्द परका वाटतो. पण तो हिंदींतल्या ‘चांपो’वरून, म्हणजे अंग चेपण्यावरून, इंग्रजींत गेला. बिहारांतून गेलेल्या शेख दीन महंमदानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं ब्रायटन येथें स्नानगृह काढून तो तिकडे रूढ केला. आपल्या न्हाव्याची चंपी समुद्रपार जाऊन पुडींत बसून परत आली, असा हा प्रवास.

या नव्या जिनसांस नांवें ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. नोकरीवर जाणाऱ्या बाईस शेंगा भिजवून, उकळून, गाळून न्हाण्यास सवड नसते, आणि तिनें ती काढावी असा उपदेश बहुधा ज्यांना शेंगा उकळाव्या लागत नाहींत तेच करतात. परंतु जुन्या रीतींतील कांहीं गोष्टींस ना पैसा लागतो ना फारसा वेळ: न्हाण्याच्या आधीं तेल, नंतर नव्हे, गुंता टोंकाकडून, फार कढत पाणी नको, ओल्या केसांस ओढाताण नको, वेणी सैल, उन्हांत जातांना डोक्यावर पदर किंवा रुमाल. खानदेशच्या उन्हांत शेवटली गोष्ट तर केसांपेक्षां जिवासाठींच अधिक हवी. केस एकाएकीं गळूं लागले तर बाटली बदलण्यापूर्वीं वैद्याकडून रक्त तपासून घ्यावें. आमच्या स्त्रियांत रक्तक्षय किती सर्रास आहे हें ठाऊक असलेला कोणीही याहून वेगळा सल्ला देणार नाहीं.

आमची खटपट मात्र वेगळ्याच गोष्टीसाठीं आहे. जळगांव, धुळें, अमळनेर, चाळीसगांव, यावल, शिरपूर येथील घरांतून ऐंशीनव्वद वर्षांच्या बायका अजून आहेत. त्यांच्या घरचें तेल कोणत्या घाणीचें होतें, शिकेकाई कोठून येई, न्हाण्याचे वार कोणते, आखाजीस डोकें कोण विंचरी, आणि घरांत कोणाचे केस कोणत्या सालीं, कोणाच्या सांगण्यावरून उतरविले गेले किंवा कोणी उतरवूं दिले नाहींत, हें त्यांस तोंडपाठ असतें. त्यांचे नातू त्यांच्यापाशीं बसून एका वहींत तें उतरवून घेतील आणि ती वही धुळ्याच्या मंडळांत सनदांच्या शेजारीं ठेवण्यास देतील, तर आमच्यासारख्यास पुढें या विषयावर लिहितांना अजिंठ्याच्या भिंतींपासून आरंभ करावा लागणार नाहीं.